शिरेतली गाठ आणि तिची उंची

किडनीच्या कॅन्सरची एक चाल इतर बहुतेक कॅन्सरांहून वेगळी आहे. तो शिरेत शिरतो आणि रक्ताच्या प्रवाहाबरोबर वर वर चढत जातो. आधी किडनीची स्वतःची शीर, मग पोटातली महाशीर, म्हणजे डॉक्टरांच्या तोंडी असते ती ‘आयव्हीसी’, मग यकृताच्या मागची बाजू, श्वासपटल आणि काही जणांत थेट हृदयाचा उजवा कप्पा. किडनीच्या कॅन्सरच्या दर शंभर रुग्णांमागे चार ते दहा जणांत हा प्रकार आढळतो. उजव्या किडनीत जास्त, कारण तिची शीर आखूड असते आणि महाशीर अगदी शेजारी. डाव्या किडनीच्या शिरेला महाधमनी ओलांडून यावं लागतं.

सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘आयव्हीसी थ्रॉम्बस, लेव्हल थ्री’ असं काहीतरी लिहून येतं. घरातलं कुणीतरी ते मोबाइलवर शोधतं आणि संध्याकाळपर्यंत ‘गाठ हृदयापर्यंत पोहोचलीय’ हे वाक्य सगळ्या नातेवाइकांत फिरलेलं असतं. लघवीतून रक्त गेलं म्हणून किंवा पायांना सूज आली म्हणून माणूस स्वतःच्या पायांनी तपासणीला गेलेला असतो. पण त्या वाक्यानंतर त्याच्याकडे बघायची घरच्यांची नजरच बदलते. काही वेळा डॉक्टरांचीही बदलते, आणि माझी तक्रार तिथे आहे.

गाठ शिरेत किती वर गेली आहे यावरून ऑपरेशन किती अवघड जाणार ते कळतं. रोग किती वाईट आहे ते त्यावरून फार थोडं कळतं. या दोन गोष्टींची गल्लत गेली शंभर वर्षं होत आली आहे. तिच्यामुळे ज्याचं ऑपरेशन व्हायला हवं होतं असा माणूस ‘आता काही उपयोग नाही’ ऐकून घरी जातो.

हा कॅन्सर शिरेकडेच का वळतो, हे थोडं समजून घेतलं पाहिजे. किडनीच्या कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे ‘क्लिअर सेल’. त्यातल्या बहुतेक गाठींमध्ये व्हीएचएल नावाचं जनुक निकामी झालेलं असतं. ऑक्सिजन पुरेसा आहे की नाही हे ओळखणारी पेशीतली यंत्रणा या जनुकावर चालते. ते बिघडलं की ऑक्सिजन भरपूर असूनही पेशीला आपण गुदमरतोय असं वाटत राहतं आणि ती नव्या रक्तवाहिन्या मागवत सुटते. (ही यंत्रणा उलगडल्याबद्दल २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना मिळालं.) म्हणून ही गाठ रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते. ती शिरेत उतरली की एखाद्या वेलासारखी वाढते: मूळ किडनीत, शेंडा वर कुठेतरी, आणि मधला सगळा भाग बहुधा शिरेच्या भिंतीला न चिकटता रक्तात नुसता तरंगणारा. त्या वेलाला पोसणारं रक्तही मुख्यतः किडनीच्याच धमनीतून येतं.

पसरणं आणि वाढणं यांतला फरक इथे कळीचा आहे. कॅन्सर पसरला, असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्या पेशी सुटून फुप्फुसात, हाडांत, यकृतात जाऊन बसल्या, असं म्हणायचं असतं. शिरेतली गाठ सुटलेली नसते. तीस सेंटिमीटर लांब झाली तरी ती मूळ गाठीचाच सलग भाग असते. किडनी काढताना ती सोबत काढता येते, आणि बाकी शरीरात रोग नसेल तर सगळा रोग निघून गेला, असं होऊ शकतं. पोटातला दुसरा बहुतेक कोणताही कॅन्सर हृदयापर्यंत पोहोचला असता आणि तरीही बरा करण्याच्या हेतूने कुणी सर्जन त्याला हात घालायला तयार झाला असता, हे जवळजवळ कल्पनेपलीकडचं आहे.

रिपोर्टातल्या लेव्हलचं काय, तर १९८७ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या नेव्हेस आणि झिंके या दोघांनी ती पद्धत मांडली आणि आज थोड्याफार फरकाने जगभर तीच वापरतात. गाठ फक्त किडनीच्या शिरेत असेल तर शून्य. महाशिरेत दोन सेंटिमीटरपर्यंत चढली असेल तर एक. त्याहून वर पण यकृताच्या शिरांच्या खाली असेल तर दोन. यकृताच्या शिरांपाशी किंवा त्यांच्यावर, पण श्वासपटलाखाली असेल तर तीन. श्वासपटलाच्या वर गेली की चार. ही यादी वाचताना स्टेज एक, स्टेज दोन अशी चढती भाजणी डोळ्यांपुढे येते. ती तशी नाही. सर्जनने कुठे क्लॅम्प लावायचा, यकृत उचलावं लागेल का, छाती उघडावी लागेल का, हृदयाचे सर्जन सोबत लागतील का, या प्रश्नांच्या उत्तरांचा तो नकाशा आहे. तो सर्जनसाठी आखला गेला. रुग्णाचं भविष्य सांगायला तो कुणी काढलेलाच नव्हता.

प्रत्यक्षात काय करतात, ते दुसऱ्या लेव्हलच्या उदाहरणावर बघू. पोट उघडून आतडी बाजूला सारली की सर्जन आधी किडनीची धमनी गाठतो आणि बांधून टाकतो. शिरेला तोवर शक्य तितका हातही लावत नाही, कारण धक्का लागून शेंडा तुटला आणि फुप्फुसात जाऊन अडकला तर रुग्ण टेबलावरच जाऊ शकतो. धमनी बांधली की गाठीचं रक्त तुटतं आणि भोवतालच्या फुगलेल्या शिरा जरा ओसरतात. मग महाशीर सगळीकडून मोकळी करायची. पाठीकडून तिला मिळणाऱ्या बारीक शिरा एकेक करून बांधायच्या. यातली एक जरी निसटली तरी पुढे शीर उघडल्यावर खालून रक्त येत राहतं आणि काही दिसेनासं होतं. तीन ठिकाणी पट्ट्या ओवून ठेवायच्या: गाठीच्या खाली, समोरच्या किडनीच्या शिरेवर, आणि गाठीच्या शेंड्याच्या वर. भूलतज्ज्ञाला सांगून आधी एकदा आवळून बघायचं, कारण शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे येणारं रक्त एकदम थांबलं की रक्तदाब कोसळतो. तो सांभाळला जातोय याची खात्री झाली की पट्ट्या आवळायच्या, किडनीच्या शिरेच्या तोंडाशी महाशिरेला छेद द्यायचा, आणि गाठ हलक्या हाताने खाली ओढून किडनीसकट एकसंध बाहेर काढायची. आतली भिंत डोळ्यांनी नीट पाहायची, कुठे चिकटलेलं काही राहिलंय का ते. मग बारीक धाग्याने शीर शिवायची आणि शेवटचा टाका घट्ट करण्याआधी खालची पट्टी जरा सैल सोडायची, म्हणजे आत अडकलेली हवा आणि कचरा रक्ताच्या लोटाबरोबर बाहेर पडतो. सगळं सुरळीत झालं तर महाशीर बंद असते ती काही मिनिटंच. त्या काही मिनिटांच्या आधीची तयारी तासन्‌तास चालते.

तिसऱ्या लेव्हलला यकृत मध्ये येतं. त्याला मागच्या भिंतीपासून सोडवून, महाशिरेला जोडणाऱ्या छोट्या शिरा बांधून, एका बाजूला वळवावं लागतं. शिवाय यकृताचं रक्त काही काळ थांबवावं लागतं. ग्लासगोचे सर्जन प्रिंगल यांनी १९०८ मध्ये यकृताच्या जखमांसाठी सांगितलेली युक्ती इथे कामी येते. चौथ्या लेव्हलला परंपरेने छाती उघडतात, रुग्णाला हार्ट-लंग मशीनवर घेतात, शरीर साधारण १८ अंशांपर्यंत थंड करतात आणि रक्ताभिसरण चक्क थांबवतात. त्या थंडीत मेंदू साधारण अर्धा-पाऊण तास तग धरतो, तेवढ्यात काम उरकायचं. अलीकडे यकृत प्रत्यारोपणाची तंत्रं वापरून मशीन टाळण्याकडे कल आहे. मायामीचे गाएतानो चान्चो यांनी ही वाट बरीच रुळवली. यकृत पूर्ण मोकळं केलं की श्वासपटलाच्या पोटाकडच्या बाजूने महाशीर हृदयाच्या तोंडापर्यंत हाती येते आणि अन्ननलिकेतून सोडलेल्या इको मशीनवर गाठीचा शेंडा खाली सरकताना दिसतो. मूत्ररोगांच्या सर्जनने प्रत्यारोपणवाल्यांकडून कला घ्यावी, हा या क्षेत्रातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

आता शंभर वर्षांच्या गल्लतीकडे येतो. एका किडनीवर माणूस जगू शकतो हे १८६९ च्या ऑगस्टमध्ये हायडेलबर्गच्या गुस्ताव सिमॉन यांनी दाखवून दिलं. मूत्रवाहिनीला भगेंद्रासारखी वाट पडल्याने त्रासलेल्या एका बाईची किडनी त्यांनी काढली. त्याआधी कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिले होते. शिरेतल्या गाठीला हात घालण्याचं धाडस त्यानंतरच्या अर्धशतकात झालं: न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलचे ए. ए. बर्ग यांनी १९१३ मध्ये महाशीर उघडून गाठ काढण्याची पद्धत लिहून ठेवली. रक्तपेढ्या नाहीत, अँटिबायोटिक्स नाहीत, सीटी तर स्वप्नातही नाही, अशा काळात. म्हणजे कल्पना जुनी आहे. ती सर्वमान्य व्हायला मात्र सत्तर-ऐंशी वर्षं लागली.

त्याला तंत्राची मर्यादा हे कारण होतंच, पण वर्गीकरणाचाही मोठा हात होता. टोरांटोचे रॉबसन यांनी १९६९ मध्ये किडनीच्या कॅन्सरच्या ज्या पायऱ्या रूढ केल्या, त्यांत शिरेत शिरलेली गाठ आणि लसीका ग्रंथींत पसरलेला कॅन्सर हे दोन्ही तिसऱ्याच पायरीवर बसवले होते. रॉबसन मोठे सर्जन होते. किडनी भोवतालच्या चरबीच्या आवरणासकट काढावी हे त्यांनी रुजवलं. पण हा शेजार भलताच नडला. ग्रंथींतला कॅन्सर म्हणजे पसरलेला रोग, शिरेतली गाठ म्हणजे वाढलेला रोग. दोघांची सरासरी काढली की शिरेतल्या गाठीचे आकडे ग्रंथीवाल्यांच्या जिवावर खाली येतात, आणि एकदा आकडा छापला गेला की तो डॉक्टरांच्या डोक्यात बसतो. १९८९ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्किनर यांच्या गटाने आपले अनुभव मांडले, तेव्हा महाशिरेतली गाठ काढल्यावर दीर्घ आयुष्य मिळतं हे त्यांना लेखाच्या शीर्षकातच सांगावंसं वाटलं. ज्यावर सगळ्यांचा विश्वास असतो ते कुणी शीर्षकात घालत नाही.

पुढचे आकडे जरा नीट पाहण्यासारखे आहेत. मेयो क्लिनिकने १९७० ते २००० या काळात शिरेत गाठ असलेल्या ५४० जणांची ऑपरेशनं केली आणि त्यांचा हिशेब २००४ मध्ये छापला. क्लिअर सेल प्रकारच्या रुग्णांत, गाठ फक्त किडनीच्या शिरेत होती त्यांच्यातले सुमारे निम्मे पाच वर्षांनंतर या कॅन्सरने दगावलेले नव्हते. महाशिरेत गेलेल्यांमध्ये हे प्रमाण २६ ते ३९ टक्क्यांच्या दरम्यान आलं. पण त्यातली गंमत पाहा: सर्वांत कमी आकडा दुसऱ्या लेव्हलचा होता, तिसऱ्या आणि चौथ्या लेव्हलचे आकडे त्याहून बरे निघाले. तिसऱ्या-चौथ्या लेव्हलचे रुग्ण मिळून पन्नासही नव्हते, त्यामुळे वरच्या लेव्हलचे लोक जास्त जगतात असा उलटा निष्कर्ष कुणी काढू नये. पण उंची हेच नशीब असतं, तर आकडे पायरीपायरीने उतरायला हवे होते. ते उतरले नाहीत.

मग फरक कशाने पडतो? १९९१ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या सर्जननी ४४ रुग्णांचा छोटासा अभ्यास छापला. मला तो या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. गाठ शिरेत मोकळी तरंगत होती त्या रुग्णांपैकी ६९ टक्के पाच वर्षं जगले. गाठ शिरेच्या भिंतीत घुसली होती त्यांच्यात हे प्रमाण २६ टक्क्यांवर आलं. आणि भिंतीचा तो भाग पूर्ण कापून काढता आला तिथे ते पुन्हा ५७ टक्क्यांवर गेलं. म्हणजे गाठ कुठे चिकटली आहे आणि ती मुळासकट निघाली का, हे ती किती वर चढली त्यापेक्षा जास्त मोलाचं ठरलं. पुढच्या अभ्यासांतून इतर गोष्टी पुढे आल्या: लसीका ग्रंथींत रोग आहे का, फुप्फुसात-हाडांत पसरलाय का, किडनीभोवतीच्या चरबीत घुसलाय का, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बेबंद दिसतात, प्रकार क्लिअर सेल आहे की पॅपिलरी. पॅपिलरी प्रकार शिरेत घुसला तर तो जास्त वाईट वागतो. यातलं बहुतेक काही ‘लेव्हल थ्री’ या दोन शब्दांत मावत नाही.

उलट बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर माझंच म्हणणं एकतर्फी होईल. युरोपातल्या तेरा केंद्रांनी २००९ मध्ये ११९२ रुग्णांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. गाठ किडनीच्या शिरेपुरती होती त्यांचं मध्यांकी आयुष्य ५२ महिने आलं, श्वासपटलाखालच्या महाशिरेत होती त्यांचं सुमारे २६ महिने, आणि श्वासपटलाच्या वर गेली होती त्यांचं १८ महिने. मध्यांकी म्हणजे निम्मे त्याआधी गेले, निम्मे त्यानंतरही होते. इथे आकडे पायरीपायरीने उतरलेले दिसतात, आणि किडनीची शीर व महाशीर यांत खरंच फरक आहे हे आता सर्वमान्य आहे; त्याच वर्षी आलेल्या, कॅन्सरच्या पायऱ्या ठरवणाऱ्या टीएनएम वर्गीकरणाने दोघांना वेगळं काढलं. पण या ११९२ जणांत रोग आधीच इतरत्र पसरलेलेही धरले होते, आणि श्वासपटलाच्या वरचे रुग्ण एकूण ६३. गाठ जितकी वर, तितकी ती आकाराने मोठी, चरबीत घुसलेली, ग्रंथींत पसरलेली असण्याची शक्यता जास्त, हेही त्याच अभ्यासात दिसलं. सोबत आलेल्या या गोष्टींचा दोष उंचीच्या नावावर किती घालायचा, हा खरा वाद आहे. माझ्या मते बराच कमी.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदींवरून ज्यांचं ऑपरेशन झालं नाही अशा रुग्णांचा हिशेब २०१३ मध्ये काढला गेला. त्यांचं मध्यांकी आयुष्य जेमतेम पाच महिने निघालं. दुसरीकडे, रोग इतरत्र पसरलेला नसताना ऑपरेशन झालेल्यांपैकी ४० ते ६५ टक्के पाच वर्षं जगतात, असं आढावे सांगतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘बघा, ऑपरेशनने किती फरक पडतो’ म्हणणं सोपं आहे आणि अनेक सर्जन ते म्हणतातही. पण ज्यांचं ऑपरेशन झालं नाही ते का झालं नाही? बहुतेक जण आधीच फार खंगलेले होते, रोग पसरलेला होता, हृदय साथ देत नव्हतं. ते तसेही लवकर जाणारच होते. ऑपरेशन केलेले आणि न केलेले अशी चिठ्ठ्या टाकून विभागणी करून या रोगात कुणी तुलना केलेली नाही, आणि करणारही नाही, कारण बरं करण्याचा एकमेव मार्ग नाकारून कुणाला दुसऱ्या गटात टाकणं कुठल्याच नीतिसमितीला मान्य होणार नाही. त्यामुळे फायद्याचं नेमकं माप कधीच मिळणार नाही. फायदा आहे, एवढं मी या रोगाच्या स्वभावावरून म्हणतो: सलग वाढलेली गाठ पूर्ण काढली आणि दहा-पंधरा वर्षांनंतरही रुग्ण ठणठणीत आहे, असं घडतं. तसेच सोडून दिलेल्यांत ते घडत नाही.

आणि किंमतही सांगितली पाहिजे. यकृताच्या शिरांच्या वर गेलेल्या गाठींच्या १६२ ऑपरेशनांचा हिशेब अमेरिकेतल्या चार मोठ्या केंद्रांनी २०१४ मध्ये मांडला. तीन महिन्यांच्या आत दहातला एक दगावला होता आणि तिघांतल्या एकाला मोठी गुंतागुंत झाली होती. ही नावाजलेली केंद्रं होती. दहात एक हा आकडा नातेवाइकांना न सांगता सही घेणं हा अन्याय आहे. तो सांगून, समोरच्याला काय मिळू शकतं तेही सांगून, निर्णय त्याच्यावर सोडणं हे डॉक्टरचं काम आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा एकच बाजू सांगितली जाते. कधी ‘ऑपरेशन नाही केलं तर काही खरं नाही’ आणि कधी ‘ऑपरेशनचा काही उपयोग नाही’. रुग्णाला विचारायचं राहून जातं. ‘चाकू लागला, हवा लागली की कॅन्सर पसरतो’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य मग या पोकळीत शिरतं. त्याला आधार नाही, पण ते खोडून काढायला कुणी वेळही देत नाही.

रोग इतरत्र पसरला असेल तर गणित बदलतं. २०१८ मध्ये फ्रान्सच्या पुढाकाराने झालेल्या कार्मेना चाचणीने दाखवलं, की पसरलेल्या रोगात आधी किडनी काढून मग सुनिटिनिब हे औषध देण्यापेक्षा नुसतं सुनिटिनिब दिलं तरी रुग्ण कमी जगत नाहीत, मध्यांक १८.४ महिने विरुद्ध १३.९ महिने, तोही औषधाच्या बाजूने. तेव्हापासून पसरलेल्या रोगात किडनी काढण्याचा हात बराच आखडला, आणि ते योग्यच झालं. पण महाशीर तुंबून पाय सुजलेत, यकृताच्या शिरा दबून पोटात पाणी होतंय, लघवीतून रक्त थांबत नाही, असा रुग्ण वेगळा. त्याचा निर्णय त्या चाचणीच्या आकड्यांवरून घेता येत नाही.

औषधाने गाठ खाली उतरवून मग सोपं ऑपरेशन करावं ही कल्पना मोहक आहे. ब्रिटनमध्ये नॅक्झिव्हा चाचणीत २० रुग्णांना आधी ॲक्सिटिनिब दिलं; सात जणांची गाठ एक तरी पायरी खाली आली. तिघांतल्या एकाला फायदा, म्हणजे टाकाऊ नाही, पण बाकीच्यांचे आठवडे खर्च होतात. इम्युनोथेरपीची औषधं आल्यापासून शिरेतली गाठ जवळजवळ विरघळल्याची उदाहरणं प्रसिद्ध होत आहेत. त्यांच्याकडे मी आशेने पण हात राखून बघतो. ऑपरेशननंतर द्यायच्या पेम्ब्रोलिझुमॅबचं पारडं मात्र जड आहे. ज्यांचा रोग परत येण्याचा धोका जास्त अशा ९९४ रुग्णांच्या चाचणीत, २०२४ मध्ये छापलेल्या आकड्यांनुसार, चार वर्षांनी औषध घेतलेल्यांपैकी ९१ टक्के हयात होते, न घेतलेल्यांपैकी ८६ टक्के. किडनीच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतरच्या औषधाने आयुष्य वाढल्याचं पहिल्यांदाच सिद्ध झालं. दर तीन आठवड्यांनी एक डोस, जवळजवळ वर्षभर, आणि आपल्याकडे एका डोसचा खर्चच लाखांत जातो. शंभरात पाच जणांचा फरक आणि घर विकण्याइतका खर्च, हे दोन्ही एकाच वाक्यात सांगायची सवय अजून आपल्या ओपीडींना लागलेली नाही.

आपल्याकडची एक घोटाळ्याची जागा वेगळीच आहे. रिपोर्टात ‘थ्रॉम्बस’ दिसला की ती रक्ताची गुठळी समजून रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू होतात आणि ‘पंधरा दिवसांनी या’ म्हणून रुग्ण परत पाठवला जातो. कॅन्सरची गाठ त्या गोळ्यांनी विरघळत नाही. तिच्या खाली साधी गुठळीही जमली असेल तर गोळ्यांना अर्थ आहे, पण वाट बघायला नाही. ही गाठ थांबत नाही. जाणकार सर्जन ऑपरेशनआधी दोन आठवड्यांच्या आतला स्कॅन मागतात तो याच कारणाने. दीड महिन्यापूर्वीच्या स्कॅनवर दुसरी लेव्हल म्हणून पोट उघडायचं आणि आत तिसरी निघायची, हे होऊ शकतं. गुठळी वर जाऊ नये म्हणून महाशिरेत जाळी बसवण्याचाही कुणाला मोह होतो. गाठ त्या जाळीतून वाढली की सर्जनचं काम दुप्पट होतं.

यावरून मुद्दा येतो तो हे ऑपरेशन कुठे व्हावं याचा. शून्य आणि एक लेव्हलचं ऑपरेशन चांगल्या मूत्ररोग सर्जनला जिल्ह्याच्या मोठ्या हॉस्पिटलातही जमू शकतं. त्यावरच्या लेव्हलला मूत्ररोग, यकृत, रक्तवाहिन्या आणि हृदय यांचे सर्जन, इको जाणणारा भूलतज्ज्ञ, भरवशाची रक्तपेढी आणि सजग आयसीयू एकाच छपराखाली लागतात, आणि या मंडळींनी एकत्र काम केलेलं असावं लागतं. वर्षाकाठी असे एक-दोन रुग्ण पाहणाऱ्या हॉस्पिटलात ही घडी बसणं अवघड आहे. ‘आमच्याकडे होणार नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरबद्दल मला आदर आहे. माझी तक्रार आहे ती ‘आमच्याकडे होणार नाही’ याचं रूपांतर ‘होण्यासारखं नाही’ असं करून सांगणाऱ्याबद्दल. पहिल्या उत्तरानंतर रुग्ण पुढच्या शहराची गाडी पकडतो, दुसऱ्यानंतर गावी जातो.

लांबच्या शहरात राहायचं कुठे, हा प्रश्न खोटा नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलभोवतीचे फुटपाथ ज्याने पाहिलेत त्याला ते सांगायला नको. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा देते, तरी जागा पुरत नाहीत. पण केमोथेरपीचे सहा-आठ महिने आणि या ऑपरेशनचे दोन-तीन आठवडे यांत फरक आहे. इथे मोठा प्रवास एकदाच करायचा असतो. नंतरची सगळी देखरेख, म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं दर काही महिन्यांनी छाती-पोटाचा सीटी आणि उरलेल्या किडनीसाठी क्रिएटिनिनची तपासणी, लातूरला किंवा रत्नागिरीला होऊ शकते. सीटीच्या फाइली मुंबईतल्या सर्जनला पाठवता येतात, आणि काही वेगळं दिसलं तरच पुन्हा गाडीचं तिकीट काढावं लागतं.